भंगारातली मोटार, लोखंडातली इर्जिक

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली, की शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांना धर्मशाळेची कळा येते. गावाकडची माणसे येतात, कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीची गाठोडी सुटतात, अंगणभर अंथरुणे पडतात. यंदा आक्का, दाजी आणि भाचा असे तिघे आले होते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाली, होम मैदानावर पाळण्यात बसून झाले आणि रात्रीची जेवणे उरकल्यावर दाजींनी मनातला विषय काढला.

"पाव्हणं, ह्या तुमच्या भाच्याला जरा समजावा. उसाचं बिल आलं की ह्याला मोटार करायचीय."

"मोटार घ्यायचीय?" मी विचारले.

"घ्यायची न्हाई. करायचीय! भंगारातनं!"

भाचा एकवीस वर्षांचा. आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेला, हाताने गुणी, तोंडाने कमी. त्याने खिशातला मोबाईल काढून माझ्यापुढे एक चित्र धरले. बसकी, उघडी, दोन माणसांची मोटार. वर टप नाही, पुढच्या चाकांवर मडगार्ड नाही, इंजिनावर झाकण नाही.

"मामा, ह्याला हॉट रॉड म्हणत्यात. अमेरिकेत पोरं जुन्या गाड्यांच्या भंगारातनं स्वतः बनवत्यात, दोस्तांनी मिळून. आमी चौघं हाय. एकजण वेल्डिंगवाला, एकाच्या चुलत्याचं लेथचं दुकान, एक वायरमन आन् मी."

माझी सारी हयात लेथवर गेली. त्यामुळे मी पोराचे कान उपटीन अशी दाजींची अटकळ असावी. पण मी तसे केले नाही, आणि त्याच्या पाठीवर थापही मारली नाही. त्या रात्री बाराएक वाजेपर्यंत जे बोलणे झाले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण असा एखादा खटपट्या पोरगा आज गावोगावी आहे, आणि त्याच्यापायी काळजीत पडलेले आई-बापही आहेत.

शेतकऱ्यांच्या वस्तीत वाढलेला उद्योग

दाजींची पहिली तक्रार अशी, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ती काही खरी नव्हे. या उद्योगाचे मूळ साध्या कुटुंबांत आहे.

हेन्री फोर्ड हा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याने १९०८ साली 'मॉडेल टी' ही मोटार काढली. ती १९२७ पर्यंत निघत राहिली आणि दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. सुरुवातीला तिची किंमत ८५० डॉलर होती, ती पुढे तीनशे डॉलरच्या खाली आली, तेव्हा ती शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिथले शेतकरीही आपल्यासारखेच. मागचे चाक जॅकवर उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकडे कापायची करवत नाहीतर पाणी ओढायचा पंप फिरवायचा. मोटार एक आणि कामे दहा.

या गाड्या जुन्या होऊन भंगारात स्वस्त मिळू लागल्या, तेव्हा तरुणांनी त्या घेतल्या. वजन कमी करण्यासाठी मडगार्ड, टप, पायऱ्या काढून टाकल्या. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत बसवले. मग ते इंजिन जुन्या हलक्या सांगाड्यात बसवण्याची चढाओढ लागली. उघड्या दोन आसनी गाडीला तिकडे रोडस्टर म्हणतात. तिचे वजन मुळातच कमी, म्हणून तिला मागणी जास्त.

कॅलिफोर्नियात मुरॉक नावाचा सुकलेल्या तलावाचा सपाट माळ होता. तिथे ही पोरे गाड्या पळवीत, आणि त्यांतल्या चांगल्या गाड्या ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जात. १९३७ साली त्यांनी आपली संघटना केली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी वेल्डिंग आणि यंत्रकाम लष्करात शिकून घेतले होते, त्यांनी या छंदाला आणखी जोर आणला. १९४८ च्या जानेवारीत या विषयाचे स्वतंत्र मासिक निघाले.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. शर्यती भररस्त्यावर होऊ लागल्या आणि लोक या पोरांच्या नावाने बोटे मोडू लागले. तेव्हा जाणत्यांनी १९५१ साली राष्ट्रीय संघटना उभारली. गाडी पळवायची ती ठरल्या जागी, आणि तीसुद्धा तपासणी झाल्यावर, असा दंडक त्यांनी घातला. म्हणजे या छंदाला शिस्त लागली ती छंदिष्टांनीच लावून घेतली. भाच्याने मोबाईलवर गाडीचे चित्र पाहिले होते. ही हकीगत त्याला ठाऊक नव्हती.

आपल्या मातीतले खटपटे

"ते अमेरिकेचं सोडा," दाजी म्हणाले, "आपल्याकडं कुणी केलंय?"

केले आहे, आणि सोलापूरपासून फार लांबही नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला. त्या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस भागवण्यासाठी आपल्या छोट्याशा कामशाळेत भंगाराचे सुटे भाग जमवून एक चिमुकली जीप बनवली. इंजिन दुचाकीचे, सुरू करायची ती किक मारून. खर्च साधारण साठ हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या नजरेस पडली. त्यांनी कौतुक केले, आणि त्याचबरोबर स्पष्ट सांगितले, की ही गाडी सरकारी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावरून थांबवली जाईल. म्हणून त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाच्या दारात आली. त्याच सुमारास सांगलीच्याच एका ट्रॅक्टर-मिस्तरीने १९३० सालच्या फोर्डसारखी दिसणारी उघडी गाडी जुन्या भागांतून उभी केली. भाच्याच्या मनातली गाडी जवळजवळ तीच.

त्याच्याही आधीची गोष्ट इचलकरंजीची. शंकरराव कुलकर्णी हे शाळा थोडीच शिकलेले गृहस्थ. त्यांनी १९४९ साली दोन माणसांची छोटी मोटार स्वतः रचून तयार केली. १९५१ साली तिची रीतसर नोंदणीही झाली. पुढची पंचवीसएक वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. 'मीरा' या नावाची ही गाडी साधारण बारा हजार रुपयांत सामान्य कुटुंबाला द्यावी हे त्यांचे स्वप्न. गाडी चालली, लोकांनी पाहिली, वाखाणली, पण तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. २००८ साली टाटांची नॅनो आली तेव्हा जुन्या लोकांना मीराची आठवण झाली.

देवराष्ट्र्याच्या अंगालाच किर्लोस्करवाडी. बेळगावात सायकली दुरुस्त करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर आले आणि तिथे लोखंडी नांगर करीत राहिले. लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे काय झाले ते आपण जाणतोच.

एवढे सांगितल्यावर दाजी जरा सैल झाले. "म्हंजे पोरगं अगदीच वाया गेल्यालं न्हाई म्हणायचं!"

इर्जिक म्हणजे काय, ते कामशाळेत कळते

आता मित्रांचे. जुन्या लोकांना आठवत असेल, एखाद्याच्या घरचा कर्ता आजारी पडला किंवा बैल दगावला, की ठरल्या दिवशी गावातली औते त्याच्या रानात उतरत. मजुरीचे नाव नाही, दुपारी पोटभर जेवण. संध्याकाळपर्यंत रान नांगरून मोकळे. हीच इर्जिक. सावडही तशीच. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या.

हॉट रॉड ही लोखंडातली इर्जिक आहे. एकट्याने गाडी होत नाही. वेल्डिंग ज्याला येते त्याला लेथ येत नाही, लेथवाल्याला वायरिंग कळत नाही. एकाने पाइप धरायचा तेव्हा दुसऱ्याने टाका मारायचा. इंजिन उचलून बसवायला चार जणांचे आठ हात लागतात. पैसा कुणाकडेच नसतो, पण एकाकडे ग्राइंडर असतो, दुसऱ्याच्या परसात जुना धुरा पडलेला असतो, तिसऱ्याची आई चहा देते.

पण इर्जिकीलाही रीत होती. कोणाचे औत कुठल्या कडेला लागायचे हे आधी ठरलेले असे. म्हणून भाच्याला मी चार गोष्टी बजावल्या.

पहिली, वही घालायची. आणलेला प्रत्येक नट-बोल्ट, दिलेला प्रत्येक रुपया तारखेनिशी लिहायचा. दुसरी, गाडी कोणाच्या मालकीची आणि मोडली तर भंगार कोणाचे हे आजच ठरवायचे. मैत्री तुटते ती बहुधा अशा न बोललेल्या गोष्टींवरून. तिसरी, एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासायचे. वेल्डिंगवाल्याने आपलाच टाका आपण पास करायचा नाही. चौथी, चौघांपैकी कोणीही एकजण "हे धोक्याचं हाय" म्हणाला, तर काम थांबलेच पाहिजे. तिथे मतदान नाही.

गाडी उभी राहते कशी

मग मी पाटी-खडू घेतला. जे भाच्याला सांगितले त्यातले बरेचसे ट्रॉली, पेरणी यंत्र, हातगाडा घरी दुरुस्त करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

चासी, म्हणजे सांगाडा. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. वेल्डिंग पक्के करण्याआधी सुतळीने दोन्ही तिरप्या लांब्या मोजायच्या, डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. घराच्या पायाची आखणी करताना गवंडी हेच करतो. दोन्ही मापे सारखी आली तर चौकट गुण्यात आहे. फरक असेल तर गाडी जन्मभर कुशीवर चालेल आणि टायर खात राहील. आधी लहान टाके मारून माप बघायचे, मग पुरे वेल्डिंग, आणि तेही एका बाजूने सलग न करता आलटून पालटून, नाहीतर उष्णतेने लोखंड ओढले जाते.

स्टेअरिंग. बैलजोडी वळवताना काय होते ते आठवा. आतला बैल जवळजवळ जागच्या जागी पाय उचलतो, बाहेरचा लांबून फिरतो. मोटारीच्या पुढच्या चाकांचेही तसेच. वळताना आतले चाक जास्त वळले पाहिजे, बाहेरचे कमी. ही सोय साधण्यासाठी, आडवा दांडा पुढच्या धुऱ्याच्या मागे असेल तेव्हा, चाकाला फिरवणारे दोन्ही हात थोडे आत झुकवतात. इतके, की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या मागच्या धुऱ्याच्या मध्यावर मिळाव्यात. दोन्ही चाके सारखीच वळली तर वळणावर टायर घासतो आणि गाडी सरळ जायला बघते.

मागचा धुरा. बाहेरच्या चाकाला वळणावर जास्त अंतर काटावे लागते. म्हणून मोटारीत डिफरन्शियल असतो. दुचाकीच्या इंजिनात तो नसतो, मागे जाण्याचा गिअरही नसतो. साखळीने एकच अखंड धुरा फिरवला तर दोन्ही चाके एका वेगाने फिरतात. मऊ रानात ते चालून जाते, पण कठीण रस्त्यावर धुऱ्याला पीळ बसतो. रिक्षाच्या इंजिनात गिअर, डिफरन्शियल आणि मागे जायची सोय एकत्र येते, शिवाय इंजिन थंड ठेवायला स्वतःचा पंखा असतो. दुचाकीचे इंजिन वाऱ्यावर थंड होते. ते बॉनेटखाली कोंडले तर तापून बसणारच. खटपटे लोक रिक्षाच्या भागांवर एवढी भिस्त का ठेवतात याचे हे उत्तर आहे.

आता इंजिनाचे काळीज. उसाला पाणी देताना दारे धरणारा माणूस असतो ना? वेळेवर एक दारे फोडायचे, दुसरे बांधायचे. फार लवकर फोडले तर पाणी वाया, उशिरा बांधले तर सरी फुटते. इंजिनात हेच काम कॅमशाफ्ट करतो. त्या दांड्यावर उंचवटे असतात. ते फिरत फिरत झडपा उघडतात, मिटतात, हवा-पेट्रोल आत घेतात आणि धूर बाहेर सोडतात. अमेरिकेतले जुने हॉट रॉडवाले इंजिनाचा जोर वाढवायला हेच उंचवटे नव्याने घासून घेत. झडप किंचित जास्त उंच आणि जास्त वेळ उघडी राहिली, की वरच्या वेगात इंजिन जास्त श्वास घेते. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण खालच्या वेगात ते अडखळते.

इथे भाच्याला मी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून तो चकित झाला. जगभरच्या मोटार-कारखान्यांना लागणारे कॅमशाफ्ट आपल्या या सोलापुरात बनतात. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना १९९२ पासूनचा. गिरण्या बंद पडल्या, चादरीचे माग कमी झाले म्हणून सोलापूरच्या हाताचे कसब संपले असे मानण्याचे कारण नाही. ज्या पोराला झडपेचा हिशोब कळतो त्याला या शहरात काम मिळायची वाट आहे.

पळण्यापेक्षा थांबणे अवघड

भाच्याच्या कागदावर इंजिनाची तीन पाने होती. ब्रेकच्या नावाने एक ओळ.

मी त्याला हिशोब मांडून दाखवला. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागते. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक असेल तर ताशी २० किलोमीटरला साधारण ३ मीटर, ४० ला १२ मीटर, ६० ला २८ मीटर. यात माणसाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. ताशी ४० च्या वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर गेलेली असते. समोर शेरडू आले, पोर आले, तर ते अकरा मीटर कोणाच्या हातात नसतात.

दुचाकीचा ब्रेक दुचाकीच्या वजनापुरता असतो. चार माणसे बसलेल्या लोखंडी सांगाड्याला तो पुरत नाही. ब्रेक चारही चाकांना हवा, दोन्ही बाजूंना सारखा धरणारा हवा, आणि पायाचा ब्रेक निकामी झाला तर हाताचा वेगळा हवा. एकाच बाजूला धरणारा ब्रेक हा ब्रेक नसण्याइतकाच वाईट, कारण गाडी गिरकी घेते.

त्याखेरीज जिवावर बेतणाऱ्या आणखी तीन जागा आहेत. त्या घरोघरी माहीत असाव्यात.

पेट्रोलची किंवा डिझेलची रिकामी टाकी, रिकामे बॅरल कधीही वेल्डिंगला धरू नये. आत थेंब नसला तरी वाफ असते. तरुणपणी मी ज्या दुकानात काम करत होतो तिथे अशाच एका टाकीला ठिगळ लावताना ती फुटली. माझ्या सोबत्याची तीन बोटे गेली. टाकी धुतली होती असे सगळेच म्हणत होते.

कमानपाटा आणि धुरा यांना घरी वेल्डिंग करू नये. ते पोलाद वेगळे असते. टाक्याच्या कडेला ते काचेसारखे ठिसूळ होते आणि नेमके भाराखाली तुटते. ज्यांनी मोगड्याचा मोडलेला पाटा जोडून पाहिला आहे त्यांना याचा अनुभव असेल. शेतात पाटा तुटला तर काम खोळंबते. स्टेअरिंगचा भाग तुटला तर माणूस जातो.

आणि फिरणारी साखळी, पट्टा, पंखा उघडा ठेवू नये. मळणी यंत्रात पदर, उपरणे, हात सापडल्याच्या हकीगती आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. चित्रातली हॉट रॉड उघड्या इंजिनाने ऐटदार दिसते, पण आपल्या घरात लहान मुले असतात. तसेच ग्राइंडर चालवताना चष्मा लावणे. डोळा परत बसवता येत नाही.

कायदा काय म्हणतो

दाजींचा शेवटचा प्रश्न, "पोलिसानं धरली तर?"

धरणारच, आणि त्यात पोलिसाचा दोष नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. गावचा रस्ता, बाजारतळ हेही त्यात आले. ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदलेल्या गाडीत, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. नवा नमुना रस्त्यावर आणायचा तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याची तपासणी व्हावी लागते, आणि तो खर्च घरगुती खटपटीच्या आवाक्यातला नाही. शंकररावांच्या गाडीला १९५१ साली नंबर मिळाला तसा आज मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळी सोय केली आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी वीस हजार रुपये भरून विंटेज म्हणून नोंदवता येते, नोंदणी दहा वर्षांची. पण कापून-जोडून केलेली हॉट रॉड त्यात बसत नाही.

याहून मोठी गोष्ट विम्याची. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अशा गाडीखाली कोणी सापडले तर भरपाई गाडीच्या मालकाच्या बोडक्यावर. साठ हजारांची गाडी आणि तिच्यापायी वाडवडिलांची जमीन, असा सौदा होऊ शकतो. घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी रस्त्यावर नेऊन गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे.

मग करायचेच नाही का? आपल्या स्वतःच्या रानात, कुंपणाच्या आत, जिथे परक्याची वहिवाट नाही तिथे ही गाडी शिकण्यापुरती चालवावी. अमेरिकेतली पोरे सुकलेल्या तलावावर जात तसे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी तर २००७ पासून एसएई इंडिया ही संस्था 'बाहा' स्पर्धा भरवते. त्यात मुले एका माणसाची खडतर रस्त्याची गाडी स्वतः रचतात, आणि ब्रेकची परीक्षा उतरल्याखेरीज तिला पुढे सोडत नाहीत. गावातला कोणी मुलगा अशा कॉलेजात असेल तर त्याला इर्जिकीत जरूर बोलवावे.

आक्काचा निकाल

एवढा वेळ आक्का सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. मध्ये एक शब्द बोलली नव्हती. सूप बाजूला सारून ती म्हणाली,

"पळवायची कशी ते तुम्ही समदं बोललात. माझं एवढंच म्हणणं हाय. गाडी झाली की आपल्या ताल्याच्या उतरणीवर आणायची. मी खाली उभी ऱ्हाते. वरनं सोड आन् माझ्याअलीकडं थांबव. तुझा तुझ्या कामावर तेवढा भरवसा असंल तर कर."

भाच्याने मान खाली घातली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दाजीच म्हणाले, "उसाच्या बिलाला हात लावायचा न्हाई. चौघांनी मिळवायचं आन् घालायचं. आन् पहिल्यांदा माझी मोडकी ट्रॉली नीट करून द्यायची. तिथं तुमचं वेल्डिंग दिसंलच."

मला हा निकाल पसंत पडला. ट्रॉलीवर हात बसेल, चौघांचे एकमेकांशी जमते की नाही ते कळेल आणि घरचे कामही होईल.

परवा भाच्याचा फोन आला. ट्रॉली झाली. दाजींनी तिच्यातून शेणखताच्या चार खेपा टाकल्या, टाका एकही उकलला नाही. मग पोरांनी गाडीची चासी जुळवायला घेतली. सुतळीने तिरपी मापे घेतली तर दीड बोटाचा फरक. वेल्डिंगवाला म्हणत होता, एवढ्याने काय होतंय. लेथवाल्याने "धोक्याचं हाय" म्हटले. ठरल्याप्रमाणे काम थांबले. चौघांनी रात्री बसून सारे टाके कापले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आखणी केली.

"मामा, चार दिवस वाया गेले," तो म्हणाला.

मी त्याला म्हटले, "बाळा, तेच चार दिवस कामाला आले. वहीत लिहून ठेव."

वाचकहो, तुमच्याही घरी असा पोरगा असेल तर त्याला एकदम झिडकारू नका आणि त्याच्या हाती एकदम पैसाही देऊ नका. त्याला घरचे मोडके औजार द्या, सोबतीला मित्र जमवू द्या, आणि गाडी थांबणार कशी हे आधी विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर जो हाताने करून दाखवील, त्याच्या हातून पुढे मोटार होवो न होवो, तो माणूस कामाचा होईल यात शंका नाही.